जेवलं की पोट टम्म फुगतं, गॅसने हैराण (वय ४८, नाशिक)

अंबड_फर्स्ट_शिफ्ट

नमस्कार मंडळी. विषय असा आहे की घरात बोलता येतो पण चारचौघात नाही, म्हणून नवीन आयडी काढून लिहितोय. कोणी ओळखलंच तर कृपया गप्प बसा.

वय ४८, अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, राहायला पाथर्डी फाटा. साधारण दीड वर्षापासून गॅसने जीव नको केलाय. सकाळी उठल्यावर पोट एकदम हलकं असतं, काही म्हणजे काही त्रास नाही. दुपारी कॅन्टीनला जेवलो की तासाभरात वर यायला लागतं, तीन वाजेपर्यंत टम्म. पॅन्टचा हुक शर्टाखाली उघडा ठेवून बसतो, बेल्ट तर बंदच केलाय. वरून गुडगुड, ती शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू जाते. आणि नेमक्या आमच्या मीटिंगा तीनला, एसी केबिन, दार बंद, आत सात-आठ माणसं, त्यात कस्टमरचा ऑडिटर आलेला असला तर बघायलाच नको. मी आता फोन कानाला लावून "हां बोला, हां बोला" करत जिन्यात जायला शिकलोय, लोकांना वाटतं माणूस भारी बिझी आहे.

खाणं सांगतो. सकाळी उठल्या उठल्या चहा, कंपनीत गेल्यावर परत चहा आणि खारी. दुपारी कॅन्टीनला पोळ्या, एक भाजी, एक उसळ (मटकी, छोले, राजमा, चवळी असं आलटून पालटून), भात, कांदा, ताक. संध्याकाळी चहा-चिवडा. रात्रीचं जेवण दहाच्या आसपास कारण मुलीचा क्लास सुटतो तेव्हा, आणि साडेदहाला आडवा. रविवारी मिसळ, ती काही सोडणार नाही, आधीच सांगतो.

उपाय सगळे झाले. ओवा-काळं मीठ, हिंगाचं पाणी, जेवणानंतर बडीशेप, फ्रूट सॉल्ट, एक चूर्ण, आणि सकाळी उपाशीपोटी ती गॅसची गोळी, पॅन्टोप्राझोलवाली, ती बऱ्याच दिवसांपासून रोज चालू आहे. शुगर आहे, त्याची गोळी चालू. बीपी नाही. वजन तेवढंच आहे, उलट एखादा किलो वाढलंच असेल. आईचं म्हणणं वाताचा कोठा आहे, डाळी बंद कर. बायकोचं म्हणणं टेन्शन घेतोस. डाळी बंद करून बघितल्या तर थोडा फरक पडला पण मग खायचं काय, दोन वेळेला बटाट्याची भाजी किती दिवस.

कोणाला असा त्रास होऊन बरा झालाय का? आणि नक्की दाखवायचं कोणाला, जनरल फिजिशियनला की थेट पोटाच्या डॉक्टरला?

तर्री_एक्स्ट्रा

भाऊ नाशकात राहून गॅसवर उपाय विचारताय. रविवारी सकाळी नऊला गंगापूर रोडला चक्कर मारा, अर्धं नाशिक द्राक्षाच्या मांडवाखाली बसून मटकी, फरसाण, कच्चा कांदा, वर दही, पापड आणि मोजायचे नाहीत इतके पाव हाणत असतं. सोमवारी त्यातलेच निम्मे मेडिकलवर.

चेष्टा जाऊ द्या, एक विचारतो, तुम्ही जेवता किती वेळात? कारण मीपण शिफ्टवालाच, सातपूरला, आणि आमच्याकडे जेवणाची सुट्टी अर्धा तास, त्यात रांग, हात धुणं, ताट ठेवणं धरलं तर तोंडात घास घालायला दहा मिनिटं. घास चावतो कोण, ढकलतो सगळे. तसं जेवलं की घासाबरोबर हवा पण पोटात जाते, ती ढेकर होऊन वर येते नाहीतर खाली जाते. बोलत बोलत जेवणं, स्ट्रॉने कोल्ड्रिंक, च्युइंगम, सिगरेट, सगळ्यात तेच. मी एवढंच केलं की पाणी जेवताना घटाघटा पिणं बंद, जेवणानंतरचा सोडा बंद आणि जेवून शॉपच्या बाहेर दहा-पंधरा मिनिटं चालायचं. शतपावली हो, आजोबा सांगायचे तीच. ढेकरा तरी निम्म्याने कमी झाल्या. खालचा गॅस म्हणाल तर तो मिसळीला वाहिलेला आहे.

मेडिकल_सिडको

माझं सिडकोत मेडिकल आहे, काउंटरला उभं राहून केस पांढरे झाले. "एक गॅसची द्या" हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकतो विचारू नका. छातीत जळजळ असली तरी गॅसची द्या, पोट फुगलं तरी गॅसची द्या, पाठ भरून आली तरी गॅसची द्या, आणि सगळ्यांना पाहिजे असते तीच पट्टी.

दादा तुमची ती सकाळची गोळी जठरातलं ॲसिड कमी करते. घशाशी आंबट येणं, जळजळ, अल्सर यांना ती उत्तम. पण तुम्ही जे वर्णन केलंय, जेवल्यावर तासा-दोन तासांनी खालचं पोट फुगणं, गुडगुड, वायू सरणं, तो गॅस जठरात होतच नाही, तो मोठ्या आतड्यात होतो. जे अन्न लहान आतड्यात पचलं नाही ते पुढे जातं, तिथले जंतू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काही लोकांत मिथेन तयार होतो. त्यावर ॲसिडची गोळी काय करणार. वर वर्षानुवर्षं रोज घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. आणि शुगरला मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही बी-१२ कमी करतं, म्हणजे दोन्हीकडून. तळपायाला मुंग्या येतात का बघा, एकदा बी-१२ तपासून घ्या.

फ्रूट सॉल्टचं पण सांगतो. त्यात खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड असतं, ग्लासात फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे पोटात गॅस झाला म्हणून वरून अजून गॅस पितो आपण, मोठा ढेकर येतो आणि बरं वाटतं. कधीमधी ठीक, रोज नको, त्यात सोडियम भरपूर असतं, बीपीवाल्यांनी तर नकोच.

आता मुद्द्याचं. शुगरची गोळी कोणती आहे? पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचून नाव टाका, फक्त घटकाचं, कंपनीचं नको. मला एक शंका आहे.

मखमलाबादची_लेक

मी ५१ वर्षांची. मला हा त्रास पंचेचाळिशीत सुरू झाला, तोपर्यंत दगड खाल्ले तरी पचायचे. तुमच्या पोस्टमधलं खाणं वाचून एकेक गोष्ट डोळ्यासमोर आली म्हणून सविस्तर लिहिते, मोठं होईल.

आधी हे की डाळी बंद करू नका. डाळी-कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात, त्या पचवायचं एन्झाइम माणसाच्या आतड्यात नसतंच, कोणाच्याच नसतं, त्यामुळे कडधान्याने थोडा गॅस होणं हे रोग नाही. प्रश्न किती आणि कसं खाता याचा. घरी मी राजमा, छोले, काबुली असले की रात्रभर भिजवते, ते पाणी फेकून देते, सकाळी परत दोन पाण्याने धुते, मग ताज्या पाण्यात कुकरला लावते आणि शिट्टी दोन जास्त काढते, बोटाने दाबला की दाणा पिठासारखा झाला पाहिजे. मोड आणले की त्या साखरा बऱ्याच कमी होतात, म्हणून मोडाची मटकी राजम्यापेक्षा सोसते, पण ती नीट वाफवलेली पाहिजे, सॅलडमध्ये कच्ची मोडाची मूठभर टाकून खाणाऱ्यांचं पोट फुगणारच. मुगाची डाळ सगळ्यात गरीब, तिने सुरुवात करा. तुमच्या कॅन्टीनला एवढं कोण करणार, तिथे सोडा टाकून अर्धवट शिजवतात आणि दाणा दाताखाली टणक लागतो. शक्य असेल तर उसळ कमी घ्या आणि डबा न्या.

दुसरं दूध. दुधातली लॅक्टोज साखर पचवणारं एन्झाइम लहानपणानंतर आपल्यातल्या पुष्कळांचं कमी होत जातं. काल पचत होतं म्हणून आज पचेल असं नसतं. तुमचे तीन-चार चहा, तेही कंपनीतल्या मशीनचे दुधाळ. दोन आठवडे दूध पूर्ण बंद करून बघा, चहा कोरा नाहीतर बंद. दही-ताक बऱ्याच जणांना चालतं कारण विरजणातले जंतू बरंचसं लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात. फरक पडला तर कळलंच, नाही पडला तर चहा परत सुरू, एवढं सोपं आहे.

आणि तिसरं म्हणजे, नाशिक जिल्ह्यात बसून हे लिहिताना हात थरथरतोय, कांदा. कांदा आणि लसूण, दोन्हीत फ्रुक्टन नावाचा न पचणाऱ्या साखरेचा प्रकार असतो, गव्हातही असतो. माझा खरा वैरी तोच निघाला. माझ्या सासरी निफाड तालुक्यात कांदा पिकतो, चाळीत पोती लागलेली असतात, आणि सून म्हणते मला कांदा चालत नाही, तुम्हीच कल्पना करा. सासूबाईंनी आधी मनावर घेतलंच नाही, त्यांचं म्हणणं उन्हाळ्यात कांदा फोडून खाल्ल्याशिवाय भाकरीच उतरत नाही.

मला हे आहारतज्ज्ञ बाईंनी लावून दिलं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी बसवलेली पद्धत आहे, फॉडमॅप म्हणतात. ज्या ज्या पदार्थांतल्या साखरा आतड्यात आंबतात ते काही आठवडे कमी करायचे, कांदा, लसूण, गहू, राजमा-छोले, दूध, फ्लॉवर, सफरचंद, आंबा, कलिंगड, शुगरफ्रीवाली च्युइंगम वगैरे. आणि बरं वाटलं की एकेक परत आणून बघायचं कोणता बाधतो. लोक पहिला भाग करतात आणि दुसरा विसरतात, मग वर्षभर भात, काकडी आणि पपईवर जगतात आणि अजून अशक्त होतात. जन्मभर करायचं ते नाहीच. मला शेवटी कळलं की गहू मला थोडा चालतो, दोन पोळ्या ठीक, चारला त्रास. ज्वारी-बाजरीची भाकरी चालते. कच्चा कांदा अजिबात नाही, कांद्याची हिरवी पात चालते, फक्त पांढरा गड्डा नको. आणि लसणाची युक्ती सांगते, ती फ्रुक्टन पाण्यात उतरतात पण तेलात उतरत नाहीत, म्हणून फोडणीत लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या लालसर होईपर्यंत परतायच्या आणि झाऱ्याने काढून टाकायच्या, मग बाकीची फोडणी. वास सगळा तेलात राहतो. घरात कोणाला कळतही नाही. रश्श्यात लसूण उकळला तर मात्र उपयोग नाही.

एकच सूचना, गहू बंद करायच्या आधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं खराब होतं त्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्यायची असेल तर गहू खात असतानाच करा, बंद केल्यावर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

निसर्ग_हाच_डॉक्टर

एवढं डोकं लावायची गरजच नाही. रोज सकाळी पवनमुक्तासन, जेवल्यावर दहा मिनिटं वज्रासन, रात्री झोपताना एक चमचा चूर्ण कोमट पाण्यातून. पोट साफ तर गॅस माफ. इंग्रजी औषधांनीच हे सगळं झालंय. आमच्या घरी तिन्ही पिढ्या चूर्ण घेतात.

मेडिकल_सिडको

आसनांबद्दल काही वाद नाही, जेवून लगेच आडवं होण्यापेक्षा वज्रासनात बसलेलं कधीही बरं, गुडघे ठीक असतील तर. बद्धकोष्ठ असेल तर गॅस अडकून राहतो हेही खरं. पण चुर्णाच्या डबीवर घटक वाचा. माझ्या दुकानात जी चालतात त्यातल्या बहुतेकांत सोनामुखी आहे. सोनामुखी आतड्याला चाबूक मारते, दोन-चार दिवस चालतं, रोज रोज कशाला. पोट साफ होत नसेल तर इसबगोल बरं, पण तेही भरपूर पाण्यातून आणि अर्ध्या चमच्यापासून हळूहळू वाढवत, एकदम दोन चमचे सुरू केले तर पहिल्या आठवड्यात गॅस वाढतोच आणि लोक डबी परत घेऊन येतात. उघडलेली डबी मी परत घेत नाही ही वेगळी गोष्ट.

अंबड_फर्स्ट_शिफ्ट

एवढं सगळं लिहिलंत, मनापासून आभार. ताई लसणाची युक्ती बायकोला वाचून दाखवली, ती म्हणे हे मी आधीपासून करते, फक्त काढून टाकत नाही.

पट्टी बघितली. मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज असं लिहिलंय, दोन्ही एकाच गोळीत, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर. शुगर निघाली तेव्हा आधी नुसती मेटफॉर्मिन होती, जेवणानंतरची शुगर जास्त यायला लागली म्हणून मग ही दिली.

मेडिकल_सिडको

हीच शंका होती. बदलली कधी ते आठवा, तुमचा त्रास सुरू व्हायच्या आसपासच निघेल बहुतेक.

व्होग्लिबोजचं कामच असं आहे की लहान आतड्यात पिष्ट आणि साखर फोडणारी एन्झाइम्स ती अडवून धरते, म्हणजे जेवल्यावर शुगर एकदम वर जात नाही. चांगली गोळी आहे, पोळी-भात खाणाऱ्या आपल्या लोकांना म्हणूनच देतात. पण जे फोडलं गेलं नाही ते पोळी-भातातलं पिष्ट पुढे मोठ्या आतड्यात जातं आणि तिथे आंबतं. गॅस, फुगणं, गुडगुड, कधी पातळ होणं, हे त्या गोळीचे नेहमीचे, सगळ्यांना माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. त्यात तुमचं दुपारचं ताट म्हणजे पोळ्या, भात आणि वर उसळ. आणि मेटफॉर्मिनने पण काहींना गॅस आणि जुलाब होतात, विशेषतः साधी गोळी असेल तर, हळूहळू सुटणारी, पट्टीवर एसआर किंवा ईआर लिहिलेली, ती बरीच सोसते. सकाळी पोट हलकं आणि दुपारच्या जेवणानंतर त्रास, हे पण जुळतंय, कारण गोळी तेव्हाच पडते.

आता नीट वाचा, स्वतः गोळी बंद करायची नाही. शुगर वाढली तर गॅसपेक्षा महाग पडेल. ज्यांनी दिली त्यांना जाऊन स्पष्ट सांगा की जेवल्यावर पोट फुगतं, वायू होतो, कामावर बसता येत नाही. लोक डॉक्टरसमोर लाजतात आणि "थोडी ॲसिडिटी होते" म्हणतात, मग डॉक्टर ॲसिडचीच गोळी लिहून देणार. त्यांच्याकडे पर्याय पुष्कळ आहेत, डोस कमी करणं, एसआर देणं, दुसऱ्या गटातली गोळी.

आणि ही गोळी चालू असेपर्यंत एक लक्षात ठेवा, इन्शुलिन किंवा दुसऱ्या गोळीमुळे कधी शुगर उतरून घाम-थरथर झाली तर साखर खाऊन लवकर चढत नाही, कारण साखर फोडणंच या गोळीने अडवलेलं असतं. ग्लुकोज पावडर जवळ ठेवा.

तर्री_एक्स्ट्रा

म्हणजे मिसळ निर्दोष सुटली म्हणा!

मखमलाबादची_लेक

निर्दोष नाही, जामिनावर.

इंदिरानगर_७३

माझं जरा वेगळं आहे पण इथेच विचारते. वय ५२, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. मला गॅस सरत वगैरे नाही पण पोट कायम फुगलेलं, सकाळीसुद्धा, साडीची गाठ सैल बांधावी लागते. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं, लघवीला पण सारखं जावं लागतं. तीनेक महिने झाले असतील. मैत्रिणी म्हणतात पाळी गेली की होतंच असं, ओव्याचं पाणी पी. करू का?

सिस्टर_पंचवटी

ताई ओव्याचं पाणी प्यायला हरकत नाही पण त्यावर थांबू नका, या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. घाबरवत नाहीये. मी नर्स आहे, बऱ्याच वर्षांची. पाळी जायच्या आधीच्या काळात हार्मोन्स वर-खाली होऊन पोट फुगतं हे खरं, पण ते येतं-जातं. तुमचं कायमचं आहे, रोजचं आहे, नव्याने सुरू झालंय, त्यात लवकर पोट भरणं आणि लघवी. पन्नाशीनंतर हे एकत्र आलं की अंडाशय तपासायचेच असतात. पोटाची-ओटीपोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ नावाची रक्ततपासणी सांगतील बहुतेक. बऱ्याचदा काही निघत नाही, पण जे निघतं ते लवकर निघालेलं बरं असतं. बायका ही लक्षणं गॅसच्या नावाखाली महिनोन्‌महिने अंगावर काढतात म्हणून जरा जोर देऊन लिहितेय. सोबत कोणी नसेल तर मैत्रिणीलाच घेऊन जा, ओवा सुचवलाच आहे तिने तर एवढं करेल.

धागाकर्त्या दादांसाठी पण. तुमचं वर्णन साधं वाटतंय, गोळीशी जुळतंय, वजन उतरलेलं नाही. तरी पंचेचाळिशी-पन्नाशीत पोटाची सवय नव्याने बदलली तर एकदा नीट तपासून घ्यायचंच असतं. वजन आपोआप कमी होणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच, हिमोग्लोबिन उतरणं, घास अडकणं, रात्री दुखून जाग येणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काही असेल तर थेट गॅस्ट्रोएंटरोलॉजिस्ट, म्हणजे पोटाचे डॉक्टर. लोह किंवा बिस्मथची गोळी चालू असली तरी शौच काळी होते, तेही सांगायचं. नसेल यातलं काही तर आधी तुमच्या शुगरच्या डॉक्टरांकडेच जा, थायरॉइड पण बघायला सांगा, थायरॉइड मंदावलं की आतडंही मंदावतं.

आणि सगळ्या पुरुष मंडळींना, विशेषतः शुगर असलेल्यांना. बेंबीच्या वर दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ, जिना चढताना वाढणारं दुखणं, हे "गॅस झाला असेल" म्हणून ओवा खाऊन झोपायचं नसतं. शुगर असेल तर छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. लगेच ईसीजी, आणि गाडी स्वतः चालवत जायचं नाही, १०८ ला फोन. रात्री दोनला सोडा पिऊन सकाळी आणलेले पेशंट बघितलेत मी. डॉक्टरांनी तपासून हृदयाचं काही नाही म्हटलं तर गॅस म्हणून हसायला सगळे मोकळे.

निसर्ग_हाच_डॉक्टर

सिस्टर हे बरोबर बोललात. आमच्या शेजारी असंच झालं होतं.

दहीपूल_जुना

वाचतोय. माझे दोन पैसे. वय ६० पार, त्यामुळे पोटाचा अनुभव दांडगा. सगळ्यांनी पदार्थांची नावं घेतली पण उपासाचं कोणी बोललं नाही. माझी चतुर्थी-एकादशी दोन्ही, आणि सगळ्यात वाईट हाल उपासाच्या दुसऱ्या दिवशी व्हायचे. साबुदाणा, त्यात दाण्याचं कूट, बटाटा, वर वेफर्स, दिवसभर चहा, पाणी नाही. शौचाला होतच नाही मग. आता भगर आणि काकडीची कोशिंबीर, ताक, एखादी पपईची फोड, आणि उपास सोडताना पुरणपोळी-बासुंदी नाही, वरणभात. भगर नाशिकची, अजून काय पाहिजे.

आणि एक, सगळ्यांनाच दिवसातून दहा-वीस वेळा वायू सरतो, हे डॉक्टरनीच मला सांगितलं. मी मोजायला घेतलं होतं आणि घाबरून गेलो होतो. बहुतेक वायूला वास पण नसतो, वास येतो तो गंधकामुळे, अंडी, कोबी, लसूण असलं खाल्लं की. त्यामुळे शून्य करायच्या मागे लागू नका, मीटिंग पार पडली की झालं.

संध्याकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर या कोणी, चालणाऱ्यांतले निम्मे याच कारणासाठी चालतात, एकमेकांपासून अंतर ठेवून.

इंदिरानगर_७३

सिस्टर, उद्याची वेळ घेतली. मैत्रीण येतेय सोबत. कळवते.

अंबड_फर्स्ट_शिफ्ट

बरेच दिवसांनी लिहितोय, दोनेक महिने झाले असतील. डॉक्टरांना पट्टी दाखवून सगळं न लाजता सांगितलं. त्यांनी व्होग्लिबोज काढून दुसऱ्या गटातली गोळी दिली आणि मेटफॉर्मिन एसआर केली. आठ-दहा दिवसांत दुपारचं फुगणं जाणवण्याइतकं उतरलं. पूर्ण गेलं नाही. दूध बंद करून बघितलं, त्याने काही फरक पडला नाही, म्हणून चहा परत सुरू, पण मशीनचा नाही. राजमा आणि छोले असले की उसळीची वाटी शेजारच्याला देतो, तो खूश. मटकी चालते. बी-१२ कमीच निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. थायरॉइड नॉर्मल. जेवणानंतर टाइम ऑफिसपर्यंत चालून येतो. रात्रीचं जेवण काही आधी सरकेना, क्लासच तसा आहे, मग पोळ्या कमी केल्या आणि उरलेली भूक संध्याकाळीच भागवतो, चिवड्याऐवजी ज्वारीच्या लाह्या.

मिसळ महिन्यातून एकदा, कांदा न घेता. वाढणारा पोऱ्या दर वेळी विचारतो, काका कांदा राहिला का.

एक राहिलंय. ती सकाळची पॅन्टोप्राझोल डॉक्टर म्हणाले आता लागत नाही, बंद करा. बंद केली तर चार दिवसांनी छातीत अशी जळजळ सुरू झाली की परत घेतली. म्हणजे मला ॲसिडिटी पण आहे का?

मेडिकल_सिडको

असेलच असं नाही. बरेच महिने घेतलेली गोळी एकदम थांबवली की दाबून ठेवलेलं ॲसिड काही दिवस उसळी मारून जास्त तयार होतं, त्याची जळजळ असते ती. लोकांना वाटतं आपला आजार परत आला, आणि म्हणून ही गोळी सुटत नाही कोणाची. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा, डोस अर्धा, मग एक दिवसाआड असं काहीतरी ते बसवून देतील, मध्ये जळजळ झालीच तर चघळायची साधी अँटासिड चालते का तेही विचारा. तेवढे दिवस रात्री उशी जरा उंच आणि जेवून लगेच आडवं होऊ नका, क्लासचं काय ते मुलीशी बोला. नीट उतरवूनही महिन्याभराने जळजळ राहिली, किंवा गिळताना अडकायला लागलं, तर मग एन्डोस्कोपीचं बघू.

इंदिरानगर ताई, तुमचं काय झालं? कळवते म्हणालात.

इंदिरानगर_७३

सोनोग्राफी झाली. डाव्या अंडाशयात गाठ आहे, पाण्याची वाटतेय, सीए-१२५ नॉर्मल आलंय. सहा आठवड्यांनी परत सोनोग्राफी सांगितलीय, मग ठरवतील. सिस्टर तुम्हाला मेसेज केलाय, बघाल का.

सिस्टर_पंचवटी

बघितला. रिपोर्टचा फोटो आडवा आलाय, सरळ काढून परत पाठवा, ड्युटी संपली की फोन करते.